कोठाराची खुंटी

बाबा, आज नोएडात मला आईचं लाटणं दिसलं. अर्धंच. तुम्ही करवतीने कापलेलं, देवदाराच्या चौकटीत ठोकलेलं, मूठ बाहेर. ऑफिसातल्या मैत्रिणीचा वाढदिवस म्हणून दुपारी आम्ही सगळ्याजणी मेट्रो स्टेशनजवळच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. काचेच्या भिंती, गारेगार एसी आणि हॉलच्या मधोमध एक अख्खं लाकडी कोठार उभं. "यार, चल ना, आत फोटो मस्त येतील," असं मैत्रीण पाठीमागून म्हणत होती आणि माझं पाऊल उचलेना. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असं ते बुटकं दार मी ओळखत होते.

नदीचं पाणी मोजायच्या नोकरीत तुम्हाला त्या पहाडी खोऱ्यात पाठवलं होतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आई नि मी दिल्लीहून तुमच्याकडे आलो होतो. सोबत आईचं शिसवी लाटणं, कारण परक्या लाटण्याने पोळी गोल होत नाही असं ती अजूनही म्हणते. तुमच्या घरमालकीणबाईंचं, अम्मांचं, कोठार घरापासून लांब, शेताच्या कडेला. घराला आग लागली तरी धान्य वाचावं म्हणून. लाकडात लाकूड अडकवून उभं केलेलं, एक खिळा नाही. दारापासून एक लांब साखळी थेट घरात जाते, तिच्या टोकाला घंटा. चोराने दार हलवलं की घरात वाजणार. मी ती साखळी ओढून पाहते. सगळं घर धावत येतं, कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात काठी, आणि तुम्ही दाढीचा फेस तसाच गालावर घेऊन. "ही काय खेळायची वस्तू आहे?" तुम्ही ओरडता. अम्मा हसत हसत माझ्या फ्रॉकच्या खिशात अक्रोड कोंबतात. "डाँटो मत, भैया. बिटिया ने देख लिया कि हम आते हैं या नहीं."

त्या गडबडीत कुणीतरी दार जोरात ओढलं आणि चौकटीची जुनी खुंटी मोडली. गावातला सुतार मेंढ्या घेऊन वर कुरणात गेलेला. तुम्ही खिळा ठोकायला गेलात तर अम्मांनी तुमचा हात धरला. खिळ्याने लाकूड फाटतं, म्हणाल्या. मग तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात शिरलात. आईला कळलं तेव्हा अर्धं लाटणं चौकटीत जाऊन बसलं होतं. "अहो, चहूकडे देवदाराचं जंगल आणि तुम्हाला लाकूड मिळालं ते माझं लाटणं?" उरलेली सुट्टी तिने बाटलीने पोळ्या लाटल्या, आणि प्रत्येक वाकडी पोळी तुम्हाला हाक मारून दाखवली.

आज हॉटेलचा मॅनेजर कौतुकाने सांगत होता, "ओरिजिनल है, मॅडम. पहाड़ से खोलकर लाए, एक-एक लकड़ी पर नंबर डालकर. घरवालों ने खुद बेचा. अब वहाँ रहता कौन है?" मग मुठीवर बोट ठेवून म्हणाला, "और ये देखिए, पुराने कारीगरों का खास डिज़ाइन." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी चपला बाहेर काढून आत गेले. तिथे तसंच जायचं असतं. मैत्रिणी बघत राहिल्या. जवाच्या आणि राजम्याच्या खणांतून दारूच्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. मी एका खणात नाक घालून वास घेतला. एअर फ्रेशनर.

आईला आता काय सांगू? तुम्ही गेल्यापासून तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे, ते कोठार एकदा बघायचं. तुम्ही घरात ठोकलेलं प्रत्येक फळकुट वर्षभरात कलंडलं. "यांच्या हातचं तेवढं एकच काम टिकलंय," म्हणते. पुढच्या महिन्यात आम्ही निघणार आहोत, गाडीवाल्याशी बोलणं झालंय. गुडघ्यांना तेल चोळून ती गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत रोज फेऱ्या मारते आहे. अम्मा नसतील हे तिला माहीत आहे. तरी त्यांच्या सुनेसाठी नवं लाटणं आणून तिने साडीत गुंडाळून बॅगेत ठेवलंय. संध्याकाळी दार उघडून तिने विचारलं, "जेवलीस ना नीट? कुठे गेला होतात?" मी म्हटलं, "ऑफिसजवळच." आणि हात धुवायला गेले, ती बराच वेळ धुतच राहिले.

तुमच्याशिवाय हे कुणाला सांगणार, आणि तुम्हाला तरी कुठे पाठवणार? पण एक राहिलं. साखळीसुद्धा आणलीय त्यांनी. तोडून हातभर केलीय, शोभेला, घंटा तिथेच लटकवलीय. निघताना मी ती ओढली. वेटर आला, "जी मॅम, कुछ और?" मैत्रिणी खळखळून हसल्या. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, बाबा. मी त्याच्या मागे काचेच्या दाराकडे बघत होते, फेस लावलेलं कुणी धावत येतंय का म्हणून.