रविवारी जेवायला येणारा राजपुत्र

आई, तुझ्या त्या राजपुत्राला मी परवा भेटले. लंडनला आला होता, मुद्दाम निरोप पाठवून त्यानं बोलावून घेतलं. म्हातारा झालाय. हॉटेलात त्याच्या माणसांनी आधी माझी पर्स उपसून बघितली, मोबाइल काढून घेतला, मग आत सोडलं.

ग्लासगोच्या हॉस्पिटलात तो तुझ्या हाताखाली ज्युनिअर डॉक्टर होता. तिकडे त्याच्या काकानं गादी बळकावलेली, वडील नजरकैदेत, थोरला भाऊ जेवता जेवता गेलेला. तू त्याला रविवारी घरी बोलवायचीस, आणि आपण जेवायला लागल्याशिवाय तो ताटाला हात लावायचा नाही. बाबा चिडायचे, "हा आपल्याला समजतो काय?" एका रविवारी तू, उष्ट्याखरकट्याचं एवढं पाळणारी तू, त्याच्याच ताटातला वरणभात कालवून एक घास खाल्लास आणि ताट त्याच्यापुढे सरकवलंस. "मी अजून जिवंत आहे. जेव आता." तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मग तो सुटातला माणूस आला. तू दारात आहेस, मी जिन्यात. तो गोड आवाजात विचारतोय, युवराज रविवारी कितीला येतात, कुठल्या रस्त्यानं? बाबांची नोकरी तेव्हा सुटलेली. ते त्याला ठाऊक आहे. "साहेबांसाठी चांगली जागा बघता येईल," तो म्हणतो. "इथे कुणी युवराज येत नाही," म्हणून तू दार लावतेस आणि माझ्याकडे वळतेस. "रविवारचं ह्याला कुणी सांगितलं? तू शाळेत बोललीस?" मी नाही म्हटलं. मग तू बाबांकडे बघितलंस, नुसतंच. त्यानंतर बाबा रविवारी जेवायच्या वेळी फिरायला जायला लागले आणि तू दार लोटून फोनवर बोलायला लागलीस. पुढे काका पडला, राजपुत्र मायदेशी जाऊन मोठ्या पदावर बसला, पण तो प्रश्न काही आपल्या घरातून गेला नाही. बाबा गेले त्या आठवड्यातही तू मला विचारलंस, "ते कधी काही बोलले होते का गं तुझ्याशी?"

परवा मी राजपुत्रालाच त्या सुटातल्या माणसाबद्दल विचारलं. चहा ढवळत तो म्हणाला, "तो माझाच माणूस होता. तुम्ही फुटता का, ते बघायचं होतं. डॉक्टरबाई पास झाल्या." हे त्यानं कौतुकानं सांगितलं. हल्ली पुतण्यांनाही तो असंच पारखून घेतो; दोघे तुरुंगात आहेत. निघताना त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "त्यावरून तुमच्या घरात काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणाले. "आईनं तेव्हा आम्हाला सांगितलंसुद्धा नाही."

बाबा सुटले, आई. मला रडू यायला हवं होतं. पण रीडिंगला परतताना ट्रेनमध्ये बसल्यापासून मी एकच विचार करत होते, आणि आत्ता हे लिहितानाही तोच करतेय: हा तरी खरं बोलला असेल का?