दोन मिनिटं वीस सेकंद

बरकतपुरा, हैदराबाद
बुधवार

प्रिय रश्मी,

हळू वाच. पत्र मराठीत आहे आणि माझं अक्षर तुला लहानपणापासून मुंग्यांची रांग वाटतं, हे मी विसरलेले नाही. फोनवर सांगण्यासारखं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. पण फोनवर मी ‘बरं आहे ना सगळं’ विचारते, तू ‘बरंय आत्या’ म्हणतेस आणि आपला रविवार पार पडतो. मागच्या रविवारी मात्र तू बोलता बोलता सांगून टाकलंस की निशीची शाळेच्या खो-खो संघात निवड झाली आहे आणि तू फॉर्मवर सही करणार नाहीस. तिचे पायही माझ्यासारखेच, ऐन वेळी गोठतील, कशाला पोरीला रडायला पाठवायचं, असं म्हणालीस. मग दारात कुणी आलं आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज सकाळपासून हे तिसरं पान घेतलंय. पहिली दोन फाडली. मध्ये एकदा काचीगुड्यापर्यंत उगाच चालून आले.

आधी इथली बातमी सांगते, म्हणजे माझा हात मोकळा होईल. आमच्या खो-खो मंडळाच्या स्पर्धा जवळ आल्या आहेत. चिटणीस आता युवराज झालाय, बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानवाल्यांचा मुलगा. पोरगा कामसू आहे, पण प्रत्येक गोष्टीची यादी करायची खोड. या वेळी त्याने मैदानावरच्या श्रद्धांजलीची यादी आणली. मंत्री गेले तर दोन मिनिटं, नगरसेवकाला एक, मोठा खेळाडू असेल तर दोन, नट-गायकांचं समितीने ठरवायचं. मागच्या वर्षी तीन दिवसांच्या स्पर्धेत आम्ही चार वेळा उभे राहिलो, त्यातल्या दोघांची नावं पोरींनी त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, यादी फाड, मैदानावर कुणासाठीही उभं राहायचं नाही. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून, श्रद्धांजलीला बोटसुद्धा हलवायचं नाही म्हणून पोरांच्या कानशिलात द्यायलाही कमी न करणारी मी. युवराज आपला हसत म्हणाला, “बाई, दोन मिनटांत काय जातंय वो? उभंच तर राहायचं.” मी उठले आणि तडक घरी आले. बरकतपुऱ्याच्या वळणावर आल्यावर कळलं की एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात कुणाची तरी भलतीच.

घरी येऊन स्वतःशीच भांडत बसले. मी काही दगड नाही. आपल्या मैदानाच्या रेषा आखणारा दत्तोबा मागच्या पावसाळ्यात गेला, तेव्हा सरावाला आलेल्या मुली कुणी न सांगता बसल्या जागी गप्प झाल्या. मंच नाही, माईक नाही, फोटो नाही. किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही आणि मला तेव्हा जरासुद्धा वावगं वाटलं नाही. मग वाटतं, माणूस ओळखीचा असला की झालं का? ज्याच्यामुळे गावाला पाणी आलं असा मंत्री गेला आणि पोरींना तो माहीत नसला तर काय करायचं? खेळ सुरू होण्याआधी उभं राहा, संपल्यावर राहा, एवढंच मला कळतं. आणि ते मला जसं कळलं, ते तुला कळायला हवं.

तुझी ती अंतिम फेरी. नाव काढलं की तू विषय बदलतेस, पण आज बदलू नकोस. सतरा वर्षं झाली. त्या दिवशी सकाळीच समोर खेळणाऱ्या शाळेच्या बाईंनी तक्रार केली होती की भाची मैदानात आणि आत्या वेळाधिकारी, हे कसं चालेल? मी ताठ मानेने सांगितलं, माझ्या हातात घड्याळ असलं की माझं कुणी नसतं. मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता. शेवटचा पाठलाग तुमचा होता, नऊ मिनिटांचा. तुम्ही एका गुणाने मागे होता, म्हणजे दोन गडी टिपले की ढाल तुमची. आणि मध्येच मंचावर पाहुण्यांच्या कानात कुणी तरी काही सांगितलं. पाहुणे माईक घेऊन उभे राहिले, कोण्या पुढाऱ्याचं निधन झालं म्हणाले आणि सगळ्यांना तिथल्या तिथे उभं राहायला सांगितलं. पाटीवर बसलेल्या तुम्ही मुली उठलात, पळणाऱ्या होत्या तिथे थांबल्या.

पंच होते मलकपेठचे नामदेवराव. खेळ थांबवायची शिट्टी त्यांनी वाजवली नाही, कुणाच्या मरणाच्या बातमीवर शिट्टी कशी फुंकायची म्हणून. आणि शिट्टीशिवाय घड्याळ थांबवायचं नसतं. पण नियमाच्या पदराआड मी लपत नाही. मी सावधान उभी राहिले, घड्याळ मुठीत, डोळे मिटलेले, अंगठासुद्धा हलवला नाही. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं तेच केलं. एरवी पाहुणे अर्ध्या मिनिटात बसतात, पण त्या दिवशी फोटोवाला यायचा होता, म्हणून तो येऊन फोटो काढेपर्यंत आम्ही सगळे उभे. डोळे उघडले तेव्हा मूठ घामाने भिजली होती आणि घड्याळ चालू होतं. थांबलो तेव्हा पाच मिनिटं पंचावन्न सेकंद झाले होते, आता आठ पंधरा.

नामदेवराव माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “बाई, घड्याळ थांबवलं होतं नव्हं?” समोरच्या शाळेच्या बाई तिथेच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. नाही म्हणाले असते तर वेळ वाढवून द्यावी लागली असती, आणि तीही केवळ माझ्या शब्दावर, माझ्या भाचीला. मी म्हणाले, “हो.” एवढाच एक शब्द, रश्मी. चूक तोवर चूक होती. त्या शब्दानंतर ती खोटं झाली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, पण तुला ते चुकीचं आठवतं. मनात वेळ मोजत खेळायचं हे तुला मीच शिकवलं होतं, आपल्या अंगणात, चिंचोके मोजायला लावून. तुझ्या मोजणीत अजून तीन मिनिटं होती. म्हणून तू झडप घालत नव्हतीस, समोरच्या मुलीला या खांबापासून त्या खांबापर्यंत पळवून दमवत होतीस, शेवटी टिपायची म्हणून. पंचेचाळीस सेकंदांत मी संपल्याची शिट्टी दिली. तू जागच्या जागी उभी राहिलीस. लोक म्हणाले रश्मीचे पाय गोठले. निवड समितीचे दोघे बघायला आले होते, तेही तेच म्हणाले आणि राज्याच्या संघात तुझं नाव आलं नाही. तू रात्री जेवली नाहीस आणि मला म्हणालीस, आत्या, माझे पाय हललेच नाहीत गं. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. दादा, म्हणजे तुझे बाबा, पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते की वासंतीने घरची पोरगी असून एक सेकंद वाढवून दिला नाही. मी तेही ऐकून घेतलं. त्या आठवड्यात तू बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकलेस, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत तुझं लग्न झालं, तू नांदेडला गेलीस, निशी झाली. नामदेवरावांना माझा ‘हो’ खरा वाटला नसावा, पण तेही चार वर्षांपूर्वी गेले. हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले होते, आणि खरं सांगते, मला त्याने सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची आज फार लाज वाटते.

युवराजने मला निरोप पाठवलाय की बाई, यादी नको तर तुम्हीच नियम लिहून द्या, सोबत कारण लिहा. रविवारच्या सभेत मी कारण लिहून देणार आहे, त्यात तुझं नाव, माझं नाव, आठ पंधराचा आकडा, सगळं असेल, आणि उभी राहून मीच वाचणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र आज कुरियरने पाठवतेय, शुक्रवारपर्यंत पोचेल. निशीचा फॉर्म सोमवारी द्यायचा आहे ना? सही करायची की नाही, ते तू तिची आई म्हणून ठरव. अभ्यासाचं कारण दे, उन्हाचं दे, गुडघ्यांचं दे, मी एक शब्द बोलणार नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर रविवारी फोन उचलू नकोस, तेही मला कळेल. फक्त तुझ्या पायांचं कारण त्या पोरीला देऊ नकोस. तुझे पाय गोठले नव्हते, बाळ. तू वेळ बरोबर मोजली होतीस.

तुझीच, तू म्हणशील तितकीच,
वासंती आत्या