घर दोघांना, फोटो लेकीला

आज घरात आले: स्टँप पेपर, शंभर रुपये. निळं पेन, दहा. पक्षाच्या अध्यक्षांकडून फुलांचा हार, दारातून आडवा आणावा लागला एवढा, किंमत शून्य. फुकटचं काही आलं की मी आधी कारण शोधते. ते सोबतच्या चिठ्ठीत होतं: वडिलांच्या मतदारसंघात चिरंजीवांना तिकीट देत आहोत, पोस्टरसाठी कै. आमदारसाहेबांचा मोठा फोटो द्यावा. म्हणून मृत्युपत्र आजच.

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, मॅट्रिक पास, देवाच्या कृपेने गुडघे सोडून बाकी सगळी शाबूत, हे माझ्या मर्जीने लिहिते. घाई आहे ती फक्त गॅसवरच्या दुधाची.

१. राहतं घर मुलगा व मुलगी यांना निम्मं निम्मं. पुढच्या खोलीचा पिवळा रंग खुशाल बदलावा. यांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, मतदानाची पसंतीक्रमाची पद्धत आधी घरात चालवून पाहिली. चौघांनी पहिल्या पसंतीला चार वेगवेगळे रंग लिहिले. दुसरी पसंती सगळ्यांची पिवळा. हे म्हणाले, "बघ, कुणी रुसलं नाही!" मी म्हटलं, "कुणी हसलंही नाही."

२. बँकेतली ठेव देवाच्या दिव्याच्या तेलापुरती ठेवून बाकी मुलीला. शिवणयंत्र सूनबाईला. तिचा टाका वाकडा जातो, पण उसवायला ती लाजत नाही.

३. प्रचाराचा कर्णा यांना पाडणाऱ्या वकीलभावजींना. हल्ली त्यांचा आवाज बसलाय. पसंतीक्रमाचं विधेयक यांनी विधानसभेत तीनदा मांडलं, तीनदा पडलं. हेच हार पाठवणारे अध्यक्ष म्हणायचे, "साहेब, आपण जिंकतोय ना? मग नियम कशाला बदलता?" चौथ्यांदा मंजूर झालं, आणि पुढच्याच निवडणुकीत पहिल्या पसंतीत हे पुढे, दुसरी मोजल्यावर वकीलभावजी वर. हे शीळ घालत घरी आले.

"अगं, चालला! कायदा चालला!"

"आणि तुम्ही पडलात."

"त्याशिवाय चालतो हे कळणार कसं?"

४. यांचा मोठा फोटो, चौकट व निगेटिव्हसह, एकट्या मुलीला. तो पोस्टर, फलक, पत्रक कशावरही छापू नये. मेलेल्या माणसाच्या फोटोवर मतं मागायला बंदी, हे निवडणूक हरण्याआधीचं यांचं शेवटचं विधेयक. सभागृहात हशा पिकला आणि ते पडलं. तिथे पडलं असेल, या घरात ते मंजूर आहे. मुलाने छापल्यास त्याचा घरातला हिस्सा बहिणीकडे जाईल. स्वतःच्या चेहऱ्यावर उभा राहिला, तर या गुडघ्यांनी रांगेत उभी राहून मत देईन. चेहरा काही वाईट नाही, दाढी मात्र करावी.

५. अध्यक्षांवरचा राग कुणालाच देत नाही. सोबत नेते.

साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही). समोरच्या शिंपीणबाई (सही). कायद्याने साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून दोघांना चहा दिला.

स्थळ: पुढची खोली. दिनांक: सोमवार, दोन तारीख.
सही: तुमची आई

चि. मुलास: प्रत सोबत आहे. उमेदवारी अर्जाची मुदत पुढच्या सोमवारी संपते. फोन करू नकोस. फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि मागून कुणीतरी तुला शिकवत असतं. फोटोशिवाय उभा राहतोस की हिस्सा सोडतोस, ते स्वतःच्या अक्षरात उलट टपाली कळवावे.