थबकलेली घटिका

४ मे १९८५, शनिवार

नंदकिशोर आज पुन्हा घाटापलीकडे बिरसा गावी गेला! लेकीचे लग्न गुरुवारी, आणि याचे जंगलखात्याचे काम संपत नाही. "बुधवारी पोचतोच, बाबा." मी म्हणालो — मुहूर्त तुझ्या बसची वाट पाहणार नाही. आमच्या कुळात कन्यादानाचे उदक मुहूर्ताच्या क्षणीच सुटते. बाप नसेल तर आजा सोडील.

चारुलताने ऐकले. "बाबा नाही आले त मी पाटावर बसतच नाही, आबा!" काळ कोणासाठी थांबत नाही, हे नातीला कसे समजवावे? सौ. कालिंदी तांदूळ निवडत होती.

७ मे

घटिकापात्र चिंचेने घासले. तांब्याची वाटी, तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. पाण्यावर ठेवली की भरत भरत बुडते — एक घटिका सरली. वराचे काका गुणाकरराव हसले — "चिंतामणराव, माझ्या मनगटावर सेकंद दिसतात!" त्यांना स्पष्ट सांगितले, लग्न पात्रावरच लागेल. घड्याळाचे काटे माणसाला फिरवता येतात. पाणी कोणाचे ऐकत नाही.

८ मे

नंदकिशोर आला नाही.

९ मे, गुरुवार

जे अनुभवले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

गंगाळात शेवटची घटिका सोडली. ती बुडेल तोच मुहूर्त. इतक्यात शेजारचा प्रेमलाल बसस्थानकावरून धावत आला — "दादाजी, बिरसा की बस घाट में बिगड़ी थी! अब चल पड़ी है!" चारुलता माझ्याकडे पाहत राहिली. मी उदकाची पळी हातात घेतली. पात्र निम्मे भरले होते.

सौ. पात्राला हळदकुंकू वाहायला पुढे झाली. मी डोळे मिटून गायत्री आरंभली.

डोळे उघडले — पात्र तेवढेच भरलेले! पुन्हा मिटले, उघडले — तेवढेच! मांडवात कुजबुज. "वेळ टळून गेली, हो!" — गुणाकरराव. कोणी म्हणाले, "वऱ्हाड भुकेलं हाय, काका!" मी एकच सांगितले — पात्र बुडालेले नाही, म्हणजे वेळ झालेली नाही.

आणि मग कुजबुजही ऐकू येईनाशी झाली. काय सांगू! त्या पाण्यापुढे भूत नव्हते, भविष्य नव्हते. ब्रह्मदेवाच्या एका निमिषात आमची युगे जातात, असे जन्मभर वाचले. आज एका निमिषाच्या पोटात बसून आलो. गुणाकररावांच्या मनगटावर पाऊण तास गेला म्हणे. मला तो एक श्वास वाटला. चारुलता मागाहून म्हणाली, "आबा, मले त वरीस गेल्यावानी वाटलं."

नंदकिशोर धुळीने माखलेला, धापा टाकीत मांडवात आला. पाय धुतले, सोवळे नेसला, पाटावर बसला. सौ.ने पात्राला एक मोगरा वाहिला — आणि पाणी पुन्हा चढू लागले! भरले, डुचमळले, बुडाले. बापाने लेकीच्या हातावर उदक सोडले. दोघेही रडत होते.

काळपुरुष माझ्या अंगणात उभा राहिला! मी पामर, तो कोणासाठी थांबत नाही असे म्हणत होतो.

१० मे

पोर सासरी गेली. दिवसभर भिंतीवरचे घड्याळ पाहवले नाही. टिकटिक खोटी वाटते.

११ मे

पात्र पुसताना तळाशी नखाला काही लागले. छिद्राच्या कडेला वाळलेली कणीक — हळदीने पिवळी.

सौ.ला हाक मारली. ती दारातच उभी राहिली.

"हौ, तुम्ही डोळे मिटले तवा म्याच लावली. अन् मोगरा वाहताना म्याच काढली."

"आणि मुहूर्त?"

"पोरीचा बाप आला तवा लागला न!"

मग पात्र देव्हाऱ्यात ठेवले. कणीक तशीच राहू दिली.