बिनचिठ्ठीची जागा

आबा, आज वर्गात एका मुलीने मला चांगलंच अडकवलं. फळ्यावर मी भ्रष्टाचाराची व्याख्या लिहिली होती, पदाचा वापर स्वतःच्या फायद्यासाठी करणं. ती म्हणाली, "मॅडम, पैसे न घेता नुसता शब्द टाकला तर?" "उद्या सांगते," म्हणून मी तास संपवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण शिंदखेड्याचा आपला ओटाच डोळ्यांपुढे आला.

तुम्ही तेव्हा पंचायत समितीचे सभापती. सकाळचा चहा होत नाही तोच ओट्यावर माणसं, आणि प्रत्येकाला तुमची चिठ्ठी हवी. कुणाला दवाखान्यासाठी, कुणाला तहसीलसाठी. 'काम करावे' असं तुम्ही कधीच लिहिलं नाही. 'यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. नियमात बसत नसेल तर तसे नीट समजावून सांगावे,' एवढंच. असली कसली चिठ्ठी म्हणून लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. इतका सरळ पुढारी मी पुढे कुठेच पाहिला नाही, आबा.

बारावीनंतर जळगावच्या वसतिगृहासाठी मीही चिठ्ठी मागितली. तुम्ही पेन खिशाला लावलं. "तुले कसाले? ज्याना कोनी नही, त्यानासाठे चिठ्ठी शे." मी रागारागात चिठ्ठीशिवायच जळगावला निघाले.

जळगावला एकच खाट उरलेली, नियम आधी येईल तिला जागा असा, आणि बाकावर आम्ही दोघी. दुसरी यावलची, केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्यांची मुलगी, माझ्या आधी येऊन बसलेली. रेक्टरबाई मला विचारतात, वडील काय करतात? शेती म्हणता आलं असतं, शेती होतीच आपली. मी म्हणाले, "सभापती आहेत." बाईंनी लगेच खुर्ची पुढे केली. यावलची मुलगी ट्रंक उचलून बसस्टँडकडे गेली.

रविवारी घरी आले तर तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "मनी पोरले बिगरचिठ्ठीनी जागा भेटनी!" तुमचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मी आत जाऊन पाणी प्यायले.

उद्या त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे. तुमचं उदाहरण मी अभिमानाने देईन, माझं देण्याची हिंमत अजून होत नाही. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? आबा, तुम्ही चिठ्ठी दिली असती, तर त्यात नियमाचं वाक्य असतं आणि ती खाट तिला मिळाली असती. हे मला त्या बाकावरच ठाऊक होतं.