गायकावाचून अल्बम

चि. शेमफांग यास मावलाईहून तैबोरमामाचा आशीर्वाद.

तुझी, बायकोची आणि (अगदी मनापासून) सासूबाईंची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. इकडे तुझ्या आईचा गुडघा सोडला तर सगळं क्षेम. मुलगा लग्न होऊन जोवाईला बायकोच्या घरी नांदायला गेला की आईचं घर विसरायचाच, हे आपल्याकडे चालायचंच. त्याबद्दल तक्रार नाही. पण फोन उचलायलाही सासूची परवानगी लागते का? म्हणून हे पत्र सुमोवाल्याच्या हाती देतोय. वयानं सहाच वर्षांनी मोठा असलो तरी मी तुझा मामा आहे, आणि खासी भाच्याला मामाचं ऐकावंच लागतं. तेव्हा खाली बस आणि वाच.

अल्बम काढायचा ठरलाय. त्या गुवाहाटीच्या कंपनीवाल्यानं "बँड चांगला आहे, गायक बदला" असं म्हटलं, तू रुसून गाणं सोडलंस, आणि आम्ही गायक काही बदलला नाही. (त्या माणसाचंही फार चुकलं नव्हतं. तुझ्या आवाजात दम कमी नव्हता, तोंडात क्वाय जास्त होती. पान-सुपारी गालात धरून विरहगीत म्हटलं की प्रेयसी सोडून गेलीय की दाढ दुखतेय, ऐकणाऱ्याला कळत नाही.) तेव्हापासून आपला बँड बिनगायकाचा. परवा माळ्यावरच्या पेटीत आपली सगळी जुनी रेकॉर्डिंग सापडली: कच्ची, चुकलेली, अर्धवट टाकलेली, नुसत्या वाद्यांची. मी म्हटलं, हाच अल्बम. आपला ड्रमवाला किरमेन म्हणाला, "मामा, लोक जेवून झाल्यावर उरलेलं वाढतात. आपल्याकडे स्वयंपाकच कुठे झाला होता?" मी लक्ष दिलं नाही.

अडचणी आल्या. ड्रम चर्चचे होते आणि शनिवारी संध्याकाळी मंडळी ते न्यायला येत, हे तुला आठवत असेल. एका गाण्यात किरमेन ऐन भरात असताना एक ड्रम कमी होतो, पुढच्या कडव्यात दुसरा, आणि शेवटी "दार सांभाळा, दार!" एवढंच ऐकू येतं. ते मी तसंच ठेवलंय. लोकांना नवा प्रयोग वाटेल. मग प्रश्न तुझा. "माझा आवाज कुठेही वाजता कामा नये," असं तू जाताना बजावून गेलास. ठीक. सगळ्या गाण्यांतून तुला काढून टाकला. आता काय सुरेख वाजतंय! माझी बास गिटार इतकी चांगली आहे हे तुझ्या ओरडण्याखाली आजवर कुणाला कळलंच नव्हतं.

तुझी आई चुलीपाशी जादोहचा भात ढवळत ऐकत होती. म्हणाली, "तैबोर, हे गाणं आहे की गाणाऱ्याची वाट बघणं?" मी म्हटलं, "कोंग, ताई असलीस तरी तुला संगीतातलं काही कळत नाही." ती म्हणाली, "माझा मुलगा कुठे गायचा तेवढं कळतं की," आणि पुढचं गाणं लागलं तशी ती बरोबर तुझ्या जागांवर गुणगुणायला लागली. एकही जागा चुकली नाही. मला फार वाईट वाटलं. ते दिसू नये म्हणून मी जादोहमध्ये मीठ कमी आहे असं सांगितलं आणि ओरडा खाल्ला.

असो. निश्चय तो निश्चय. शुक्रवारी अल्बम छापायला जाणार म्हणजे जाणार. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू तिकडे सासूबाईंची हळद खुशाल वाळवत बस.

तुझा,
तैबोरमामा

ता. क. त्या हळदीतली थोडी आईसाठी दे. गुडघ्याला लावायला.

ता. क. अडलेलं नाही असं वर लिहिलं ते निश्चयाच्या भरात. अडलंय. बास वाजवताना मी तुझ्याकडे बघायचो. आता कुणाकडे बघावं कळत नाही, आणि चुकतो.

ता. क. शेवटचं एक. नववं गाणं नुसत्या वाद्यांवर उभंच राहीना, म्हणून त्यात मी स्वतः गायलोय. ऐकून तुझी आई शेजारी निघून गेली. किरमेननं रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना करवली. गुरुवारपर्यंत येऊन तू गायलास तर माझं काढून तुझं घालू. नाही आलास तर माझंच जाईल, मी मागे हटणार नाही. मात्र वेष्टन छापून झालंय, आणि त्यावर गायक म्हणून तुझं नाव आहे.