लोयांगला मी पहिल्यांदाच आले

लोयांग
१९ एप्रिल १९९८

प्रिय लान,

तुला आणि घरच्यांना आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. वुहानला आता उकडायला लागलं असेल. तुझ्या छोटीचा अभ्यास कसा चाललाय? परीक्षा जवळ आली की ती जेवत नाही, तेवढं बघ.

पत्ता बघून चकित झाली असशील. पिओनीची फुलं बघायला लोयांगला न्या, असं मी किती वर्षं म्हणत होते. तू इथे सूतगिरणीत होतीस तेव्हापासून. दरवेळी तुझ्या भावोजींना काहीतरी काम निघायचं. यंदा स्वतःच तिकिटं काढून आणली. गाडीत म्हणाले, "मलाही हे गाव नवंच आहे. दोघं मिळून हरवू."

हरवलो मात्र कुठेच नाही.

पहिल्या दिवशी लुंगमनची लेणी पाहिली. नदीकाठचा सगळा डोंगरच कोरलेला. किती मूर्तींची डोकी उडवलीत, बघवत नाही. मोठ्या बुद्धापुढे फोटोसाठी झुंबड होती. हे मला तिथून बाजूला काढून सरळ एका लहान लेण्यापाशी घेऊन गेले. दाराच्या दोन्ही अंगांना जुन्या औषधांच्या कृती कोरलेल्या आहेत. "तापावर काय, उलटीवर काय, सगळं आहे बघ," म्हणाले. मी अजून पाटीसुद्धा वाचली नव्हती.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पुस्तकात होतं."

आमच्या घरात वाहन दुरुस्तीच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही, हे तुला माहीत आहे.

संध्याकाळी जुन्या शहरात आंबट शेवया खाल्ल्या. मुगाचं आंबवलेलं पाणी, वर सेलरी आणि शेंगदाणे. वास उग्र, पण मला आवडल्या. आम्हा ताय्युआनच्या, रोज व्हिनेगर खाणाऱ्या माणसांना आंबटाचं काय. खाता खाता हे हसले आणि म्हणाले, "लान तर नाक दाबून बसायची."

मी काड्या खाली ठेवल्या. "कधी?"

"तिनेच लिहिलं होतं ना पत्रात."

लान, तुझी पत्रं माझ्या नावाने यायची. मीच ती मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यात गिरणीतली थंडी होती, खोलीतल्या मैत्रिणी होत्या. शेवया नव्हत्या.

मी काड्या पुन्हा उचलल्या. फुलं पाहिली, फोटो काढले. पाण्यावरची मेजवानी म्हणतात ती जेवलो, एकामागून एक रस्सेच रस्से. मुळ्याच्या बारीक किसाचं फूल करून वाडग्यात तरंगवतात, ते छान होतं. पण माझं लक्ष यांच्याकडेच. कुठल्या गल्लीपाशी पाय थबकतो, कुठल्या दाराकडे बघायचं टाळतात. तुझी जुनी गिरणी बघू या म्हटलं, तर म्हणाले, पाडली असेल.

काल सकाळी मीच मुद्दाम त्या बाजूला चालत निघाले. गिरणीच्या अलीकडे बीफच्या रश्श्याचं दुकान आहे, सकाळी लोक उभ्याने पितात तसलं. हे आत यायला तयार नव्हते. मी जाऊन बसले, मग आले. पळी घेतलेली म्हातारी यांच्याकडे बघतच राहिली.

"डबा घेऊन यायचास तोच ना तू? दवाखान्यात बायकोला न्यायचास. त्या बर्फात."

हे भाकरी कुस्करत राहिले. म्हातारी माझ्याकडे वळली. "बरी सुधारलीस की गं. तेव्हा एवढीशी होतीस म्हणे, अन्न टिकत नव्हतं पोटात."

"हो, सुधारले," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? वाडगा सगळा संपवला. चव सांगता यायची नाही.

तिथून आम्ही श्वेताश्व मंदिरात गेलो. आवारातल्या बाकावर बसून मी म्हटलं, "आता सांगा. नाहीतर मी इथून एकटी घरी जाते."

"मी तिला शब्द दिलाय."

"मलाही दिला होता. लग्नात."

मग त्यांनी सांगितलं. तू गिरणीत होतीस त्या हिवाळ्यात ते ताथुंगला प्रशिक्षणाला गेलेच नव्हते. तुझी तार त्यांच्या गॅरेजवर आली होती. तुला दिवस गेले होते, तो माणूस निघून गेला होता, पाडायला दवाखान्यात नवऱ्याची सही हवी होती. ती यांनी केली. नंतर तुला ताप भरला, म्हणून राहिले. बरं वाटल्यावर एकदा लेणी दाखवली. आणि तूच म्हणालीस म्हणे, ताईला कधी कळू देऊ नका, तिची टिकत नाहीत आणि मी माझं टाकून आले.

त्याच हिवाळ्यात माझं दुसरं गेलं होतं. मी सासूबाईंच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि हे निघून गेले. प्रशिक्षणाला, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"मग आता का आणलंत मला इथे?"

"किती वर्षं टाळणार, असं वाटलं."

"तो माणूस कोण होता?"

"मी विचारलं नाही."

खरं असेल. यांचा स्वभावच तसा आहे. पण एवढ्या दिवसांत, एवढे डबे पोचवून, एकदाही विचारलं नाही? रात्रभर मी हे एका कुशीवर खरं मानत होते, कूस बदलली की खोटं. हे शेजारी जागेच होते.

दुसरी एक गोष्ट तुला सांगायची आहे, ती त्यांना सांगितलेली नाही. ते मूल तू मला द्यायला हवं होतंस. मी वाढवलं असतं. कुणाचंही असतं, तरी वाढवलं असतं.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. हे उद्या घरी परततील. मी पुढच्या रविवारच्या गाडीने वुहानला येते आहे, एकटी. स्टेशनवर तूच ये, छोटीला पाठवू नकोस. जे असेल ते तोंडाने सांग. ते काहीही असलं तरी तुझ्या हातचं जेवून मगच परत निघेन, एवढा माझा शब्द.

तुझी ताई,
रुइफांग